बिनकुलपाचे दुकान

गेल्या वर्षी पितृपक्षात नाशिकहून वहिनींचा फोन आला. माझा आतेभाऊ जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. "भाऊजी, ह्यांच्या कपाटात एक हार्ड डिस्क सापडलीय. ऑफिसची असली तर परत द्यायला हवी. तुम्ही एकदा बघता का?" मी जाऊन बघितली. ऑफिसचे त्यात काहीच नव्हते. 'खेळ' नावाचा एक फोल्डर होता आणि त्यात संगणकावरच्या खेळांचे इन्स्टॉलर, त्यांच्या माहितीपुस्तिका, नकाशे, संगीताच्या फाइली. शिवाय दादाच्या सवयीप्रमाणे कुठला खेळ कोणत्या तारखेला, किती रुपयांना घेतला, याची नोंद. हे सगळे त्याने एकाच दुकानातून घेतले होते, आणि ते दुकान विकलेल्या मालाला कुलूप लावत नाही. दुसऱ्या एका दुकानातही त्याचे खाते होते. तिथे त्याच्याकडे याच्या तिप्पट खेळ असतील. कित्येक तर त्याने मला शेजारी बसवून खेळून दाखवले होते. ते खाते आम्हाला उघडता आले नाही. पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, आणि पासवर्ड असता तरी कराराप्रमाणे ते खाते वहिनींचे किंवा त्यांच्या मुलाचे होणार नव्हते.

हा लेख त्या फोल्डरमधून निघाला. डावपेचांचे खेळ करणारी एखादी कंपनी आपला वर्षानुवर्षांचा माल अशा बिनकुलपाच्या दुकानात ठेवते, तेव्हा ग्राहकाच्या हाती नेमके काय पडते, हा माझा प्रश्न आहे. वाङ्मयीन अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. माझी वीस-बावीस वर्षे पोथ्यांच्या प्रती ताडून पाहण्यात गेली आहेत. त्या सवयीच्या डोळ्यांनी मी दादाचा फोल्डर पाहिला, तेव्हा खंडित प्रत, पाठभेद, प्रक्षेप अशी सगळी ओळखीची मंडळी मला तिथे भेटली. शिवाय, गेली पंचवीस वर्षे हे खेळ मी खेळतो आहे. ते लपवण्यात आता काही अर्थ नाही.

डीआरएम म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. नावात हक्क आहेत, पण ते विकणाऱ्याचे. काम साधे आहे: खेळ उघडण्याआधी, तुम्ही पैसे दिलेत का, हे तपासणे. ऐंशीच्या दशकात ही तपासणी कागदावर होई. खेळ मध्येच थांबून पुस्तिकेच्या अमुक पानावरचा अमुक शब्द विचारी. पुस्तिका नसली की डाव तिथेच आटोपला. पुढे मूळ सीडी ड्राइव्हमध्ये असल्याशिवाय खेळ उघडेना, आणि त्याहीपुढे इंटरनेटवरून परवानगी आल्याशिवाय. कधी कधी या पहारेकऱ्यांना विनोदबुद्धीही असे. जर्मनीतल्या ब्लू बाइट कंपनीच्या 'द सेटलर्स ३' (१९९८) या खेळाने चोरीची प्रत ओळखली, की भट्टीतून लोखंडाऐवजी डुकरे बाहेर पडत. कच्च्या लोखंडाला इंग्रजीत 'पिग आयर्न' म्हणतात, त्यावरचा हा श्लेष. लोखंड नाही म्हणजे शस्त्रे नाहीत, आणि शस्त्रे नाहीत म्हणजे थोड्या वेळाने शेजारी येऊन तुमचे राज्य घेणार. चोराला दारात न अडवता घरात बोलावून उपाशी ठेवण्याची ही रीत मला अजूनही आवडते.

त्याच मालिकेतला सातवा खेळ २०१० मध्ये आला. तोवर ब्लू बाइट ही युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या मालकीची झाली होती आणि विनोद संपला होता. एकट्याने खेळायचे असले तरी इंटरनेट सतत चालू हवे. जोडणी तुटली की खेळ जागच्या जागी थांबणार. प्रकाशनानंतर युबिसॉफ्टचे सर्व्हर कोलमडले, तेव्हा रोख पैसे मोजलेल्या लोकांना, विशेषतः ऑस्ट्रेलियातल्या, आपलाच खेळ उघडता येईना. आता गंमत अशी, की याच युबिसॉफ्टने जेमतेम वर्षभर आधी, २००९ मध्ये, आपले जुने खेळ पोलंडमधल्या एका नव्या दुकानाला अजिबात कुलूप न लावता विकायला दिले होते. उजव्या हाताने साखळदंड आणि डाव्या हाताने मुक्तद्वार. या विसंगतीचे उत्तर मला बराच काळ मिळाले नव्हते. ते पॅराडॉक्सच्या निमित्ताने मिळाले. त्याकडे पुढे येईन.

ते दुकान म्हणजे गॉग, मूळचे 'गुड ओल्ड गेम्स'. ते २००८ मध्ये सुरू झाले. त्यामागची कंपनी तेव्हा सीडी प्रोजेक्ट. मार्चिन इविन्स्की आणि मिहाऊ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी ती १९९४ मध्ये वॉर्सात काढली. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यानंतरच्या पोलंडमध्ये खेळ मिळत ते बाजारात, पथाऱ्यांवर, नक्कल केलेल्या तबकड्यांवर. हे दोघे त्याच बाजारातून वर आलेले. १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा मोठा खेळ पोलिश भाषेत आणला, तेव्हा प्रश्न होता की पथारीवरच्या स्वस्त मालापुढे हा महाग खोका कोण घेईल. त्यांनी पोलिश आवाज दिले, खोक्यात चर्मपत्रासारखा लाखेची मोहोर असलेला कागद घातला, नियमांचे पुस्तक घातले, संगीताची सीडी घातली. लोकांनी खोका घेतला. चोरीशी लढायचे ते कुलपाने नव्हे, तर चोरापेक्षा चांगली प्रत देऊन, हा धडा त्यांनी तिथे गिरवला आणि दुकानही त्याच तत्त्वावर उभे केले.

पथारीवरच्या मालाबद्दल मला पोलंडला जाऊन शिकायची गरज नव्हती. 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' माझ्या घरात आला तो २००१ साली, पुण्यात, कॅम्पातल्या एका फुटपाथवरून, ऐंशी रुपयांत. तबकडीवर मार्करने नाव लिहिलेले. दादा तेव्हा शिकायला आमच्याकडे होता. हा खेळ आळीपाळीने चाल करण्याचा आहे आणि त्यात 'हॉट सीट' नावाची सोय आहे: एकच संगणक, एकच खुर्ची, आपली चाल झाली की उठायचे आणि दुसऱ्याने बसायचे. दुसऱ्याची चाल चालू असताना पडद्याकडे बघायचे नाही, हा नियम आम्ही पाळायचो. निदान मी पाळायचो. खेळातले सात दिवस संपले की पडद्यावर ज्योतिषी येऊन हा आठवडा अमुक प्राण्याचा, असे जाहीर करतात. त्याला आम्ही पंचांग म्हणत असू. "दादा, तुझं पंचांग आलं," असे ओरडले की तो स्वयंपाकघरातून पोळी हातात घेऊन धावत यायचा.

त्या प्रतीला संगीत नव्हते. मधली चित्रफीतही नव्हती. एका तबकडीत चार-पाच खेळ बसवायचे म्हणून नक्कल करणाऱ्यांनी ती कापून टाकलेली असत. पुस्तिका तर नव्हतीच. खेळात ठिकठिकाणी दगडी स्तंभ असतात. त्यांना भेट दिली की एका कोड्याच्या नकाशाचा तुकडा उघडतो, आणि नकाशा पुरा झाला की जमिनीत पुरलेली एक अमूल्य वस्तू कुठे आहे ते कळते. आम्ही नकाशा पुरा करायचो, त्या जागेवर जाऊन उभे राहायचो, आणि खणायचे कसे ते आम्हाला ठाऊक नव्हते. दोन वर्षे आम्ही त्या जागेवर घोडा उभा करून परत फिरलो. पुढे कधीतरी मी गॉगवर हा खेळ रीतसर विकत घेतला, तेव्हा बरोबर पुस्तिका आली, संगीत आले. पॉल रोमेरो आणि रॉब किंग यांनी केलेले ते शहराशहरांचे संगीत ऐकताना मला लाज वाटली. वयाच्या सतराव्या वर्षी मी ज्याला एक थोर कृती म्हणत होतो, तिची मी अर्धीच प्रत वाचली होती.

इथवरची गोष्ट सरळ आहे: चोरीची प्रत खंडित, अधिकृत प्रत पूर्ण. पण २०१५ मध्ये काय झाले पाहा. 'हीरोज ३' कॅलिफोर्नियातल्या न्यू वर्ल्ड कंप्युटिंग या जॉन व्हॅन कॅनेगम यांच्या कंपनीने १९९९ मध्ये केला. तिची मालक कंपनी थ्रीडीओ २००३ मध्ये बुडाली आणि लिलावात या मालिकेचे हक्क युबिसॉफ्टने घेतले. २०१५ च्या जानेवारीत युबिसॉफ्टने त्याची नवी, चकचकीत 'एचडी' आवृत्ती काढली. तिच्यात फक्त मूळ खेळ होता. 'आर्मागेडन्स ब्लेड' आणि 'शॅडो ऑफ डेथ' या दोन्ही पुरवण्या गायब होत्या, कारण त्यांचा सोर्स कोड हरवला होता. या पुरवण्या म्हणजे नुसती सजावट नव्हे. पहिल्या पुरवणीने 'कॉनफ्लक्स' हे एक अख्खे शहर खेळात आणले आहे. म्हणजे मालकाने स्वतः, आपल्या शिक्क्यानिशी, खंडित प्रत बाजारात आणली. आणि पूर्ण प्रत, दोन्ही पुरवण्यांसह, गॉगवर कमी किमतीत, कुलपाशिवाय पडून होती.

पाठचिकित्सा करणाऱ्याला याचे नवल वाटू नये. भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले ते देशभर, मठांत आणि घराघरांत, प्रती पडून होत्या म्हणून. कुठल्या तरी एकाच गादीकडे मूळ पोथी असती आणि बाकीच्यांना ती फक्त दारात बसून वाचायची परवानगी असती, तर वाळवीच्या एका पावसाळ्यात सगळा प्रश्न मिटला असता. 'हीरोज ३'चा सोर्स कोड हरवला ती मालकाकडची पोथी. लोकांकडच्या प्रती शाबूत होत्या. मूळ कृती कर्त्याच्या किंवा मालकाच्या घरीच सुरक्षित असते, हा समज आपण ग्रंथांच्या बाबतीत केव्हाच सोडला. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र आपण तो अजून भाबडेपणाने बाळगतो.

या शाबूत प्रतींवर पुढे काय उभे राहिले, हेही सांगायला हवे. काही चाहत्यांनी २०११ पासून 'हॉर्न ऑफ द अबिस' नावाची विनामोबदला पुरवणी चालवली आहे. नवी शहरे, नवे प्राणी, नव्या मोहिमा. ती बसवायला पूर्ण आवृत्ती लागते. युबिसॉफ्टच्या एचडी आवृत्तीवर ती बसत नाही. आमच्या भाषेत हा प्रक्षेप. पण हा प्रक्षेप इतका तोलून-मापून केलेला आहे की कित्येक खेळाडू आता त्यालाच मुख्य पाठ मानतात. त्यांनी घातलेले पहिले शहर 'कोव्ह', म्हणजे समुद्री चाच्यांचे. चोरीच्या तबकडीवर वाढलेल्या माझ्यासारख्याला ही कोपरखळी लागते.

आता पॅराडॉक्स. स्टॉकहोममधली ही कंपनी म्हणजे डावपेचांच्या खेळातली सर्वांत पंडिती शाखा. तिचा पहिला गाजलेला खेळ 'युरोपा युनिव्हर्सालिस' (२०००) हा फिलिप तिबो या फ्रेंच गृहस्थाच्या पटावरच्या खेळावरून केलेला. यात लढायांपेक्षा करार, वारसाहक्क, करवसुली, धर्मांतर यांचाच पसारा जास्त. कुलपाबद्दल त्यांचे धोरण पहिल्यापासून वेगळे होते. २०१२ च्या सुमारास त्यांचे तेव्हाचे प्रमुख फ्रेडरिक वेस्टर यांनी मुलाखतीत, डीआरएमवर केलेला खर्च हा वाया गेलेला पैसा आहे, असे स्वच्छ सांगितले होते. त्यामुळे या कंपनीचा माल गॉगवर येणे स्वाभाविक होते, आणि आलाही: 'युरोपा युनिव्हर्सालिस २', पहिला 'क्रुसेडर किंग्ज', 'व्हिक्टोरिया', 'युरोपा युनिव्हर्सालिस: रोम'. त्याबरोबर एक वेगळी चीज आली, 'फॉर द ग्लोरी' (२००९). 'युरोपा युनिव्हर्सालिस २' मध्ये भर घालणाऱ्या हौशी खेळाडूंना पॅराडॉक्सने आपले यंत्र परवान्याने वापरू दिले आणि त्यांच्या भरीचा स्वतंत्र खेळ झाला. वाचक टीकाकार झाला, टीकाकार संपादक झाला आणि शेवटी त्याचेच पुस्तक निघाले. या व्यवसायात असे क्वचित घडते.

पण यादी नीट पाहिली की तिच्यातली फट दिसते. मे २०१६ मध्ये आलेला 'स्टेलारिस' पहिल्या दिवसापासून गॉगवर होता. त्यानंतर अवघ्या महिन्याने, जून २०१६ मध्ये आलेला 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' मात्र तिथे आला नाही. 'क्रुसेडर किंग्ज'चा पहिला भाग तिथे, पुढचे भाग स्टीम या अमेरिकन दुकानात. २०१३ चा 'युरोपा युनिव्हर्सालिस ४', ज्यात १४४४ पासून सुरुवात करून एखाद्या मराठीभाषक राज्यातून मराठा सत्ता उभी करता येते आणि म्हणून जो आमच्याकडे जास्त खेळला गेला, तोही स्टीमवर. युबिसॉफ्टच्या दोन हातांचे कोडे मला इथे सुटले. ज्या खेळातून आणखी फारसे काही निघणार नाही तो मोकळा सोडायचा. ज्यातून पुढची दहा वर्षे पुरवण्या विकायच्या आहेत, तो आपल्या नजरेखाली ठेवायचा. पॅराडॉक्सच्या बाबतीत याला द्वेष म्हणता येणार नाही, लोभही पूर्णपणे नाही. स्टीमवर चाहत्यांच्या भरी एका टिचकीत बसवण्याची सोय आहे, ती गॉगवर तेव्हा नव्हती, आणि या खेळांचे आयुष्य त्या भरींवर चालते. तरीही २०२१ पासून 'युरोपा युनिव्हर्सालिस ४'च्या पुरवण्यांचे मासिक भाडेही सुरू झाले, हे लक्षात ठेवावे. मुक्तीच्या नावाने आलेल्या सूचीत काय नाही, हे आधी वाचावे.

आणि मग 'स्टेलारिस', ज्याच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. हा अंतराळ-साम्राज्याचा खेळ. त्याच्या सुधारित आवृत्त्यांना विज्ञानकथा लेखकांची नावे देण्याची पद्धत आहे: क्लार्क, असिमॉव्ह, बँक्स, ल ग्विन. यंत्रमानवांची पुरवणी आली तेव्हाच्या आवृत्तीचे नाव चापेक, 'रोबो' हा शब्द ज्याच्या नाटकाने जगाला दिला तो. नावे देणारा माणूस वाचणारा आहे, यात शंका नाही. २०१६ मध्ये खेळ आला तेव्हा ताऱ्यांमधल्या प्रवासाचे तीन मार्ग होते आणि प्रत्येक साम्राज्य सुरुवातीलाच आपला मार्ग निवडे: कोणी सरळ उडी घेई, कोणी आखलेल्या वाटांवरून जाई, कोणी विवरांतून. त्यामुळे एकाच नकाशावर तीन प्रकारचे भूगोल एकमेकांवर पसरलेले असत. माझ्या मते या खेळातली ती सर्वांत सुंदर कल्पना होती. शत्रूची सीमा कुठे आहे हे तुम्हाला कळत नसे, कारण त्याचा भूगोल तुमच्या भूगोलात बसतच नसे. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'चेरी' या आवृत्तीने तीनपैकी दोन मार्ग काढून टाकले. सगळ्यांना आखलेल्या वाटांवरूनच सुरुवात करायला लावली. कारणे सांगितली गेली आणि ती पटण्यासारखी होती: युद्धाला आघाडी मिळाली, किल्ल्याला अर्थ आला. त्याच वर्षअखेरीस ल ग्विन आवृत्तीने ग्रहांवरची सगळी व्यवस्था बदलली. खेळ चांगला झाला, असेही कोणी म्हणेल. पण तो दुसरा खेळ झाला.

लेखकाने आपली कादंबरी दुसऱ्या आवृत्तीत बदलणे आपल्याला नवे नाही. मात्र पहिल्या आवृत्तीची तुमच्या कपाटातली प्रत रात्रीतून बदलत नाही. इथे बदलते. न्यायाने सांगायला हवे, की पॅराडॉक्सने स्टीमवरही मागच्या आवृत्त्या निवडण्याची सोय ठेवली आहे. पण ती त्यांनी ठेवली आहे तोवर. दादाच्या हार्ड डिस्कवर 'बूल' या आवृत्तीचा, म्हणजे डिसेंबर २०१७ चा, इन्स्टॉलर होता. त्याने तो मुद्दाम ठेवला असावा, कारण नोंदीच्या फाइलमध्ये त्यापुढे लिहिले होते: 'तीन वाटावाला. पुसू नको.' मी तो बसवला. इंटरनेट बंद करून. तिन्ही वाटा होत्या.

या दुकानाची आरती ओवाळायची माझी इच्छा नाही. सप्टेंबर २०१० मध्ये गॉगने आपल्या संकेतस्थळावर, आता दुकान बंद, अशा अर्थाची सूचना लावली. ग्राहक हवालदिल झाले. चार दिवसांनी कळले की ही नव्या रूपाची जाहिरात होती. मालक संन्याशांचे झगे घालून क्षमा मागायला आले. विनोद भिकार होता, पण त्याने एक गोष्ट अनवधानाने सिद्ध केली: ज्यांनी इन्स्टॉलर उतरवून ठेवले होते त्यांना घाबरण्याचे कारण नव्हते, आणि बहुतेकांनी ते उतरवून ठेवलेच नव्हते. मीही नाही. बिनकुलपाचा माल घेऊन तो पुन्हा दुकानदाराच्याच कोठारात ठेवणारे आपण ग्राहक आहोत.

दुसरी तक्रार माझ्या धंद्यातली आहे. गॉग शेवटची, दुरुस्त केलेली आवृत्ती देते. तिथल्या खेळाच्या पानावरून 'स्टेलारिस' आज नव्याने उतरवून घेणाऱ्याच्या हाती आजचा पाठ येतो. दादाजवळ जो होता तो नाही. मधले थर कोणी जपायचे? नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी शंभर खेळांपासून जतनाचा एक उपक्रम सुरू केला. त्याचे वचन हे की हे खेळ आजच्या आणि पुढच्या संगणकांवर चालते ठेवले जातील. चालते ठेवणे हे मोठे काम आहे, पण ते जीर्णोद्धाराचे आहे, आणि जीर्णोद्धारात मूळ चिरे बदलले जातात, हे आपण मंदिरांच्या बाबतीत पाहिले आहे. शिवाय या कामाचा पाया दुकानाने एकट्याने रचलेला नाही. डॉसच्या काळातले खेळ, पहिला 'हीरोज' त्यांतलाच, तिथे चालतात ते डॉसबॉक्स या स्वयंसेवकांनी लिहिलेल्या मुक्त प्रणालीच्या आधाराने.

तिसरी गोष्ट कायद्याची. करार वाचला तर गॉगही खेळ विकत नाही. वैयक्तिक वापराचा परवानाच देते. अक्षरशः पाहिले तर दादाची हार्ड डिस्क उघडणारा मीही निर्मळ नाही. फरक कायद्याचा नाही, ताब्याचा आहे. हा फरक कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मात्र ओळखला. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्याने, 'विकत घ्या' असे बटण दाखवणाऱ्या डिजिटल दुकानांना, तुम्हाला फक्त परवाना मिळतो आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. जो माल कायमचा उतरवून घेता येतो आणि दुकानाच्या जोडणीशिवाय वापरता येतो, तो या अटीतून वगळला आहे. मालकी या शब्दाचा अर्थ कायद्याने इथे जवळपास भौतिक करून टाकला: जे तुमच्या हातात राहू शकते ते तुमचे म्हणायला हरकत नाही.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट चर्चेत आली. एका मोठ्या दुकानाच्या मदतकेंद्राने एका ग्राहकाला कळवले, की मृत्युपत्राने खाते दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही. त्यावर गॉगने सांगितले, की न्यायालयाचा आदेश आणला तर आम्ही प्रयत्न करू. वहिनींना मी हे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "न्यायालयात जायचं, खेळांसाठी? ह्यांनी ऐकलं असतं तर हसले असते." त्यांचे बरोबर आहे. ज्या घरात गॅसची जोडणी आणि बँकेचे खाते नावावर करून घेण्यात आठ महिने गेले, तिथे ही आणखी एक फाइल कोण उघडणार. त्या दुसऱ्या खात्यातले खेळ आहेत तिथेच आहेत. कोणीही ते पुसलेले नाहीत. फक्त ते आता कोणाचेही नाहीत.

एक खेळ मात्र मला त्या खात्यातून हवा होता, तो 'एम्पायर: टोटल वॉर' (२००९). त्यात १७०० सालापासून मराठ्यांच्या बाजूने खेळता येते. खेळात त्यांना 'मराठा कॉन्फेडरसी' म्हटले आहे, आणि यावरून आम्हा दोघांचा एक वाद कायमचा अर्धवट राहिला. १७०० साली राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि ताराबाई लढत होत्या; संघराज्य म्हणावे असे काही उभे राहायला अजून अवकाश होता. दादाचे म्हणणे, "खेळ शतकभर चालतो, नाव मधल्या काळाचं घेतलं तर बिघडलं कुठे?" तो खेळ खोक्यात, तबकडीवर मिळत असे, पण स्टीमच्या खात्याशिवाय ती तबकडी चालत नसे. त्याचा खोका अजून नाशिकच्या कपाटात आहे.

हार्ड डिस्कवरचा फोल्डर मी पुतण्याच्या संगणकावर उतरवून दिला. तो चौदा वर्षांचा आहे आणि मोबाइलवर खेळणारा. त्याने पहिला प्रश्न विचारला, "काका, यात ऑनलाइन कसं जायचं?" मी म्हटले, जायचे नाही, उठून खुर्ची द्यायची. दिवाळीच्या सुटीत आम्ही चार डाव खेळलो. तो माझ्या चालीच्या वेळी पडद्याकडे बघतो. हे त्याला कोणी शिकवले ते मला माहीत आहे. दगडी स्तंभांचा नकाशा पुरा झाल्यावर तो अडला, तेव्हा मी त्याला काही सांगितले नाही. त्याने स्वतःच पुस्तिका उघडली आणि दहाव्या मिनिटाला खणून मोकळा झाला. परवा त्याचा निरोप आला, की त्याने 'हॉर्न ऑफ द अबिस' शोधून काढले आहे, ते पप्पांच्या प्रतीवर बसले, आणि पुढच्या वेळी चाच्यांचे शहर तो घेणार आहे.